यादीतून गेलेलं घर

१

भूगोलवाल्या आजी गुरुवारी सकाळी सापडल्या. बाथरूमच्या दाराशी, उजव्या कुशीवर. एक सपाता पायात, दुसरी पार बेसिनखाली. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या छताला ओल धरली, म्हणून त्या तणतणत जिना चढून वर आल्या होत्या, नळ बंद करायला सांगावं म्हणून. बेल वाजवून वाजवून त्यांचा राग उतरला आणि भीती चढली. मग कुलूप फोडलं.

मंगळवारी सकाळी पडल्या असाव्यात, असं डॉक्टर म्हणाले. खुबा मोडला होता. मग चष्मा पुसता पुसता, जे नसतं सांगितलं तरी चाललं असतं, तेही त्यांनी सांगून टाकलं. बुधवारी दुपारपर्यंत जीव होता.

म्हणजे सव्वा दिवस. सव्वा दिवस एक माणूस फरशीवर पडून होतं, आणि त्याच घरात पाच ठिकाणी सेन्सर लावलेले होते, असं काही झालंच तर कुणाला तरी कळावं, एवढ्याचसाठी.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर दुरून लक्ष ठेवायचं, हेच या संस्थेचं काम होतं. साठ घरं होती. दारावर, स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये, पलंगाशी आणि बसायच्या खोलीत एकेक डबी. माणूस हललं की डबी एक नोंद पाठवायची, अमुक वेळ, अमुक घर, अमुक खोली. या नोंदी वेळेच्या क्रमाने एका डेटाबेसमध्ये साठायच्या, आणि त्यांतून कंट्रोल रूमच्या पडद्यावर एक यादी उमटायची. शांत घरांची यादी. जे घर सगळ्यात जास्त वेळ शांत ते सगळ्यात वर, आणि मग उतरत्या क्रमाने वीस घरं. दिवसा तीन तासांच्या वर शांत राहिलेल्या घराला फोन करायचा. बस, इतकं सोपं.

साहेबांनी गुरुवारी दहा वाजता चाळणीबाईंना बोलावलं.

चाळणीबाई हे अर्थातच पाठीमागचं नाव. हातात येईल ते चाळून बघितल्याशिवाय सोडत नाही, म्हणून ऑफिसने ठेवलेलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, लिफ्टशेजारच्या बिनखिडकीच्या खोलीत जुन्या नोंदी सांभाळत बसायची. डबा एकटीने खायची, घरी जायची, तिथेही एकटीच. लिफ्टचा घरघराट थांबला की तिला कळायचं, सगळे गेले.

"हे बघा." साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "दिवसाला पंधरा-सोळा फोन होतात आपले. मंगळवारी दुपारनंतर किती झाले? शून्य. बुधवारी? शून्य. ती फोनवरची मुलगी दोन दिवस नुसती खुर्ची उबवत बसली होती, बाई. मी तिला काढतोय. पण त्या आजींचा भाचा चारला येतोय, त्याच्या हातात काहीतरी लेखी द्यावं लागेल. निष्काळजीपणा कसा झाला, एवढं मुद्देसूद लिहून द्या."

"झाला का, ते आधी बघते," चाळणीबाई म्हणाल्या.

"यात बघायचं काय राहिलंय?"

त्या आपल्या खोलीत आल्या. डेटाबेसमध्ये आजींचं घर काढलं, क्रमांक सत्तेचाळीस. शेवटची नोंद मंगळवार, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं, बाथरूम. पुढे आज कुलूप फोडेपर्यंत कोरं; फरशीवर पडलेलं माणूस भिंतीवरच्या डबीच्या टप्प्यात येत नाही. म्हणजे डबी चालू होती, नोंद पोचली होती, आणि त्यानंतरची शांतता जवळजवळ दोन दिवसांची होती. ते घर यादीच्या माथ्यावर ठाण मांडून बसायला हवं होतं.

दारात कुणीतरी हुंदका दिला.

"ताई," ती मुलगी म्हणाली, "शपथ सांगते, त्या यादीत होत्या. आणि मग गेल्या."

२

तिला सगळे किणकिण म्हणायचे, फोनवरच्या आवाजामुळे. आज तो आवाज पार बसला होता. चाळणीबाईंनी तिला आपली एकुलती खुर्ची दिली आणि स्वतः खोक्यावर बसल्या.

"गेल्या म्हणजे? नीट सांग. कधी होत्या, कधी गेल्या."

"मंगळवारी साडेदहाला सत्तेचाळीस नंबर एकदम वर होता. मी बघितलं. सव्वा तास शांत, असं होतं. म्हटलं, तीन तास कुठे झालेत. पुस्तक वाचत असतील. त्यांचं असतंच तसं. पुढचा फोन आला की विचारायचं, आज कुठल्या देशात होतात? त्या खरंच सांगायच्या हो."

"पुढे?"

"पावणेअकराला बघितलं तर यादीत नाहीतच. वरही नाही, खालीही नाही. म्हणजे हालल्या ना! घर यादीतून गेलं म्हणजे माणूस उठलं, आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलंय. मला बरंच वाटलं. आणि त्या तिथे..." तिने पदराने नाही, हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. लहान मुलं पुसतात तसे.

चाळणीबाईंनी तिला रडू दिलं. मग विचारलं, "आणि दोन दिवस फोन का नाही केलेस?"

"कुणाला करू? तीन तासांवर कुणी गेलंच नाही. सगळ्यात वरचं घर तास, सव्वा तास. फार तर दीड. दुपारी दोनला सुद्धा!"

"दुपारी दोनला?"

"हो. एरवी दोनला निम्मी यादी चार-चार तास दाखवते, सगळे जेवून आडवे झालेले असतात. मी म्हटलं, या आठवड्यात सगळ्या आज्या-आजोबांना काय झालंय, एकदम ठणठणीत! रात्रपाळीवालीला पण सांगितलं. ती म्हणाली, दृष्ट लावू नकोस." किणकिणने आवाज खाली आणला. "मी दोन दिवस शब्दकोडी सोडवली, ताई. हे साहेबांना सांगू नका."

"शब्दकोडी सोडवणं हा गुन्हा नाही," चाळणीबाई म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच लागलं होतं. साठ म्हातारी माणसं, आणि दुपारी दोनला दीड तासापेक्षा जास्त कुणी झोपलं नाही?

किंवा झोपलं, पण दिसलं नाही.

"आजींचं घर यादीतून बाहेर काढायची दुसरी काही सोय आहे?"

किणकिणने नाक ओढलं. "एक आहे. घरच्यांच्या मोबाइलवर 'बाहेरगावी' म्हणून बटण असतं. ते दाबलं की घर यादीतून जातं. सत्तेचाळीसचं ते फक्त एकाच माणसाकडे आहे."

३

भाचा आजींच्या घरीच होता. फोडलेल्या कुलपाच्या दारात उभं राहून चाळणीबाईंनी खाकरल्यासारखं केलं.

चाळिशीचा, धडधाकट माणूस. बसायच्या खोलीच्या मधोमध उभा होता, पण हात कुठे ठेवावेत हे कळत नसल्यासारखा. भिंतभर नकाशा होता, त्यावर रंगीत टाचण्या. मेजावर पृथ्वीचा गोल, भिंग, आणि एक उघडी वही.

"ऑफिसातून ना?" तो म्हणाला. "माफी मागायला पाठवलंय?"

"नाही. विचारायला आलेय. मंगळवारी तुम्ही मोबाइलवर 'बाहेरगावी' केलं होतं का?"

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, असं चाळणीबाईंना वाटून गेलं. त्याने मोबाइल काढून त्यांच्या हातात ठेवला. "बघा तुम्हीच. कधीच केलेलं नाही. आत्या बाहेरगावी जाईल कुठे? ती या भिंतीवरच जायची."

खरंच केलेलं नव्हतं. बटणापुढे शेवटची तारीख लागते, ती जागा रिकामी होती. वर मात्र एक ठसठशीत हिरवा ठिपका होता आणि शेजारी अक्षरं, 'सर्व ठीक'.

"हे आत्ताही हिरवंच आहे," चाळणीबाई हळूच म्हणाल्या.

"तेच तर. आत्याला नेलं, तरी हिरवं. मंगळवारी दुपारी बघितलं, हिरवं. रात्री बघितलं, हिरवं. बुधवारी सकाळी दात घासताना बघितलं." "हिरवं दिसलं की मी फोन करायचो नाही. आधी रोज करायचो, सेवा घ्यायच्या आधी. ती फोनवर तासभर सोडायची नाही हो. कुठल्या तरी सामुद्रधुनीत अडकवायची."

ठिपका कंट्रोल रूमच्या यादीवरूनच रंग घेतो, हे चाळणीबाईंना ठाऊक होतं. यादीत तीन तासांच्या वर असेल तर लाल. यादीतच नसेल तर हिरवा.

त्या मेजाकडे वळल्या. वहीत रेघा आखून तारखा आणि आकडे लिहिले होते. रोज सकाळी आठचं तापमान, गॅलरीतलं. पानामागून पान, वर्षांमागून वर्षं, एकही दिवस गाळलेला नाही. शेवटची ओळ मंगळवारची. अक्षर टपोरं, ठाम. मरणाची चाहूल वगैरे काही नाही. आजींना बुधवारचा आकडा लिहायचाच होता.

"एका माणसाचं काम जाणार म्हणतात तुमच्याकडे," भाचा म्हणाला. "त्या फोनवालीचं. जाऊ देत. कुणाचं तरी जायला पाहिजे."

चाळणीबाई दाराशी थांबल्या. "चारला या. कुणाचं, ते सांगते."

सांगितलं खरं, पण जिना उतरताना त्यांना स्वतःलाच धड माहीत नव्हतं.

४

डबी बिघडली नव्हती, बटण दाबलं नव्हतं. मग सोमवार आणि मंगळवार यांच्यामध्ये काय बदललं होतं? हे ज्याला माहीत असणार तो वायरमन तळघरातल्या सामानाच्या खोलीत, पाय पसरून, वायरींचं भेंडोळं सोडवत बसला होता.

"आलात? मला वाटलंच होतं. काही मोडलं की आधी वायरमन, मग देव."

"सत्तेचाळीस नंबरला तू गेला होतास?"

"सहा महिन्यांत नाही. आजींच्या डब्या एक नंबर. सोमवारी एकाच घरी गेलो होतो, तेही दुसरंच. एकोणीस नंबर. बसायच्या खोलीतली डबी मेली होती, नवीन लावली. नव्या जातीची. जुनी कशी, माणूस कितीही नाचलं तरी दहा मिनिटांत एकच नोंद. ही प्रत्येक हालचालीला पाठवते. आणि समोर हिरवा दिवा आहे, दर वेळी लुकलुकतो. भारी आहे, ताई."

"कुठे लावलीस?"

वायरमन हसला. "मी कोपऱ्यात लावत होतो, नेहमीसारखी. आजोबा म्हणाले, तिथे नको, इथे. झुलत्या खुर्चीच्या बरोबर समोर, डोळ्यांच्या उंचीवर. म्हटलं, टीव्ही आहे का तो? तर म्हणाले, तू लाव रे बाबा."

चाळणीबाई हसल्या नाहीत. त्या वर आपल्या खोलीत आल्या, आणि इतका वेळ जे करायचं राहिलं होतं ते केलं. मंगळवारच्या सगळ्या नोंदी घरानुसार मोजल्या.

एकोणसाठ घरांच्या मिळून दोन हजारांच्या आसपास. एकट्या एकोणीस नंबरच्या तेरा हजार चारशे.

त्यांनी यादीची क्वेरी उघडली. डेटाबेसला यादी नेमकी कशी मागायची, तो प्रश्न. पाचच ओळींचा होता. सहा वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता, लावायची गरजच पडली नव्हती. तिसऱ्या ओळीवर त्या थबकल्या. पुन्हा वाचली. मग सगळ्यात वर, जिथे लिहिणाऱ्याने आपलं नाव आणि तारीख टाकायची असते, तिथे नजर गेली.

त्यांनी पडदा बंद केला. लिफ्ट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मग त्या उठल्या आणि छत्री न घेता, डबा तसाच ठेवून, एकोणीस नंबरच्या घरी निघाल्या.

५

"या, या! ऑफिसातून? काही चुकलं का माझं?"

आजोबा बारीक चणीचे, स्वच्छ दाढी केलेले. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, जणू कुणी येणार होतं. चाळणीबाईंना त्यांनी खुर्ची दिली आणि स्वतः झुलत्या खुर्चीत बसले. खुर्ची पुढे आली, भिंतीवरचा दिवा लुकलुकला. मागे गेली, पुन्हा लुकलुकला.

"बघितलंत?" आजोबा म्हणाले. "मी हाललो की तो डोळा मिचकावतो."

"दिवसभर बसता इथे?"

"सातला बसतो. जेवायला उठतो, तेवढंच. वेळ बरा जातो हो. म्हणजे, तुमच्याकडे कुणीतरी बघत असेल ना तिकडे, की हा आहे, हा आहे, हा आहे." त्यांनी खुर्चीच्या तालावर म्हणून दाखवलं आणि स्वतःच लाजले. "वेडेपणा आहे. पण आधीपेक्षा बरा."

"आधी काय करायचात?"

"सांगू? रागवाल." ते पुढे वाकले. "आधी मी मुद्दाम हलायचो नाही. तीन तास. घड्याळ लावून बसायचो. तीन तास झाले की त्या मुलीचा फोन यायचा, आजोबा, बरे आहात ना? काय गोड बोलते! पण मांडीला अशा मुंग्या यायच्या म्हणून सांगू. एकदा तर फोन घ्यायला उठलो आणि आडवाच झालो."

चाळणीबाईंना हसू आलं. त्या दिव्याकडे बघत राहिल्या. या माणसाने तेरा हजार चारशे वेळा एकच वाक्य म्हटलं होतं. त्या वाक्यांच्या गर्दीत दुसऱ्या एका घराची शांतता चेंगरून गेली होती, आणि त्याला ते कुणी सांगितलं, तर तो या खुर्चीत पुन्हा कधी बसणार नाही. बहुधा कुठल्याच खुर्चीत नीट बसणार नाही.

"काही चुकलंय का?" आजोबांनी पुन्हा विचारलं. खुर्ची थांबली होती. दिवाही थांबला होता.

"नाही, आजोबा. तुमची डबी छान चाललीय, एवढंच बघायला आले होते. जरा पाणी द्याल?"

ते लगबगीने उठले. पाणी दिलं, बिस्किटं दिली, मग कपाटातून एक अल्बम काढला. चाळणीबाईंकडे तेवढा वेळ नव्हता. त्यांनी शेवटच्या पानापर्यंत बघितला.

६

चारला कंट्रोल रूममध्ये पाच जणं होती. साहेब, भाचा, दाराशी वायरमन, कोपऱ्यात अंग चोरून किणकिण, आणि चाळणीबाई. त्यांच्या हातात कागदाच्या चिठ्ठ्या होत्या.

"लेखी आणलंय ना?" साहेबांनी विचारलं.

"आणलंय. आधी दाखवते." त्यांनी चिठ्ठ्या टेबलावर एका ओळीत मांडल्या. "या नोंदी. सगळ्यात ताजी डावीकडे, मग जुनी, आणखी जुनी. सत्तेचाळीस नंबरची ही इथे, पार उजवीकडे. सगळ्यात जास्त शांत घर ओळखायचं, तर कुठली चिठ्ठी लागेल?"

"ही, टोकाची," भाचा म्हणाला.

"बरोबर. पण आपली क्वेरी काय करते? आधी नोंदी ताज्यापासून क्रमाने लावते. मग म्हणते, इतक्या सगळ्या कशाला, पहिल्या दोन हजार घे आणि बाकी सोड. त्या दोन हजारांतून मग प्रत्येक घराची शेवटची नोंद शोधते आणि शांत घरं निवडते." त्यांनी पट्टी घेतली आणि ओळीच्या मध्यावर ठेवली. पट्टीच्या उजवीकडच्या चिठ्ठ्या, सत्तेचाळीससकट, हाताने झाडून खाली पाडल्या. "जे शोधायचं, तेच आधी कापून टाकते. उरलेल्या गजबजाटातून मग शांत घर निवडते."



"पण सहा वर्षं चाललं की!" साहेब म्हणाले.

"चाळीस घरं होती. डब्या जुन्या. दोन हजार नोंदी भरायला जवळजवळ दीड दिवस लागायचा. तीन तास गप्प असलेलं घर कापलं जायचा प्रश्नच नव्हता. साठ घरं झाली, तरी दिवसभराचं मावत होतं. सोमवारी एका घरात नव्या जातीची डबी लागली, दर हालचालीला नोंद पाठवणारी. मंगळवारी सकाळपासून दोन हजार नोंदी दीड तासात भरायला लागल्या. म्हणजे दीड तासाच्या पलीकडचं काहीच यादीला दिसत नव्हतं. नऊ बारा, अधिक दीड तास?"

"पावणेअकरा," किणकिण कोपऱ्यातून म्हणाली. मग तिने तोंडावर हात ठेवला.

"पावणेअकरापर्यंत आजींचं घर चढत चढत यादीच्या माथ्यावर आलं. आणि मग कापलं गेलं. आजी हालल्या नाहीत. त्यांची नोंद पट्टीच्या पलीकडे गेली. त्या मुलीने साडेदहाला घर बघितलं होतं, पावणेअकराला नव्हतं. तिला जे शिकवलं, तेच तिने मानलं. दोन दिवस फोन नाहीत, कारण यादीत फोन करण्याजोगं कुणी उरलंच नव्हतं. साठ घरांतल्या एकालाही दोन दिवस फोन गेला नाही, साहेब. तुमचा तो शून्याचा कागद तिच्याविरुद्ध नाही, तिच्या बाजूने साक्ष देतोय."

त्यांनी पडद्यावर मंगळवार दुपारचे चार लावले. जुन्या क्वेरीने यादी काढली. सत्तेचाळीस कुठेच नाही. मग दुसरी क्वेरी चालवली, आजच लिहिलेली. आधी साठही घरांची प्रत्येकी एक, शेवटची नोंद घ्यायची. मग क्रम लावायचा. आणि वीसवर कापायचं ते सगळ्यात शेवटी.

सत्तेचाळीस माथ्यावर आलं. शांतता सहा तास अठ्ठेचाळीस मिनिटं.

भाच्याने तो आकडा बराच वेळ बघितला. चारला. मंगळवारी चारला तो कुठे होता ते आठवत असावा. मग तो वळला.

"कुठलं घर? ती नवी डबी कुणाकडे लावली?"

वायरमनने तोंड उघडलं. चाळणीबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने तोंड मिटलं आणि पायाशी पडलेल्या चिठ्ठ्या गोळा करायला वाकला.

"ते मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "तिथल्या माणसाने आपल्याच घरात हालचाल केली. आपण त्याला तेवढंच सांगितलं होतं, हलत राहा. चूक त्या घराची नाही."

"मग कुणाची? कुणाची तरी असेल ना! कापायची ती ओळ आकाशातून पडली का?"

"नाही. जुन्या मशीनला दम लागायचा, म्हणून लिहिणाऱ्याने दोन हजारांची मर्यादा टाकली. घरं वाढली की ती वाढवायची, हे त्याच्या लक्षात राहायला हवं होतं. आणि मुळात कात्री आधी नाही, नंतर लावायची असते, हे तेव्हाच कळायला हवं होतं." त्यांनी अहवाल टेबलावर ठेवला, एकच पान. "ते नाव वर लिहिलंय."

भाच्याने पान उचललं. वाचलं. खालची सही बघितली, मग मान वर करून समोरच्या बाईंकडे बघितलं.

"हे तर तुमचं..."

"हो. मी लिहिली ती."

७

साहेबांनी भाच्याला बाहेर बसवलं आणि दार लावलं.

"बाई, अहो, कशाला? 'नव्या डबीतला तांत्रिक दोष' असं लिहा, संपलं. नाहीतर त्या घराचा नंबर टाका. दोन्ही खोटं नाहीये."

"दोन्ही अर्धं आहे."

"तुम्हाला इथे ठेवता येणार नाही मला. कळतंय का?"

"कळतंय. पण ही मुलगी राहील. आणि वायरमन, तू उद्या त्या डबीला दहा मिनिटांची अट घाल. नोंद दहा मिनिटांत एकच जाऊ दे." त्या थांबल्या. "दिवा मात्र तसाच राहू दे. हलेल तेव्हा लुकलुकू दे."

वायरमनने मान हलवली. साहेब अहवाल घेऊन भाच्याकडे गेले.

बाहेरून ओरडण्याचा आवाज येईल, अशी चाळणीबाई वाट बघत होत्या. आला नाही. थोड्या वेळाने भाचाच दारात आला. त्याचे डोळे लाल होते.

"तुम्हाला शिव्या द्यायच्या होत्या," तो म्हणाला. "आता सुचत नाहीत."

"सुचतील. तेव्हा द्या. माझा पत्ता त्यात लिहिलाय."

तो गेला. चाळणीबाईंनी बिनखिडकीच्या खोलीतलं आपलं सामान पिशवीत भरलं. फारसं नव्हतंच. न उघडलेला डबा, एक शाल, दोन पेनं. जाता जाता त्या कंट्रोल रूमच्या दारात थांबल्या.

किणकिण जागेवर बसली होती, पण फोनपासून लांब, गरम तव्यापासून बसावं तशी. पडद्यावर नवी यादी होती. माथ्यावर तेहतीस नंबर. चार तास दहा मिनिटं.

"कर ना फोन," चाळणीबाई म्हणाल्या.

"नाही होत, ताई." तिचे हात मांडीवर घट्ट गुंतलेले होते. "वाजत राहिला आणि कुणी उचललाच नाही तर? त्या दिवशी मी सव्वा तासाला केला असता तर? नियम गेला खड्ड्यात, नुसतं कुठला देश विचारायला केला असता तर?"

चाळणीबाईंनी पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसल्या. "मी आहे. कर."

तिने फोन लावला, आवाज मोठा ठेवला. एक घंटा. दोन. पाच. सात. नवव्या घंटेला किणकिणने चाळणीबाईंचं मनगट धरलं आणि नखं रुतवली. अकराव्या घंटेला काहीतरी धडपडलं, खरखरलं, आणि एक म्हातारा, घोगरा, भयंकर चिडलेला आवाज खोलीभर पसरला.

"कोण आहे? मेलं झोपू पण देत नाहीत! दोन दिवस कुणी विचारलं नाही, आणि आज डोळा लागला तर ट्रिंग ट्रिंग!"

किणकिण रडत होती की हसत, तिचं तिलाच कळत नव्हतं. "माफ करा, आजी," ती कशीबशी म्हणाली. "झोपा तुम्ही. ठेवते."

"ठेवतेस कुठे!" आवाज एकदम खाली आला. पलीकडे पलंग करकरला, कुणीतरी उशीला टेकून नीट बसलं. "आता उठवलंच आहेस, तर बोल जरा."